खुर्चीचं वय नको विचारूस, उंची विचार

पत्र: ताई, आम्ही ठाण्याला नवीन टूबीएचकेमध्ये शिफ्ट झालोय, हॉल साडेदहा बाय सोळाचा. मला जुन्या फर्निचरची हौस, नवऱ्याला माझ्याहून जास्त. चोर बाजारात त्याने दोन आर्मचेअर बघून ठेवल्यात, काळं नक्षीचं लाकूड, लाल मखमल. दुकानदार म्हणतो दीडशे वर्षं जुन्या व्हिक्टोरियन आहेत, अस्सल बर्मा टीक. किंमत ऐकून मला घाम फुटला. दुसरीकडे संगमेश्वरजवळ गावच्या घरात ह्याच्या आजोबांची आरामखुर्ची पडून आहे, लांब हातांची, वेत फाटलाय, एका पायाला बारीक भोकं पडलीत. घर आता विकायचंय. न्यू जर्सीचा चुलत दीर म्हणतो मला द्या, मी कंटेनरमध्ये टाकून नेतो. आणि सासूबाईंना गुडघ्यांमुळे कशातूनच पटकन उठता येत नाही, त्या म्हणतात तुमचं म्युझियम तुम्हालाच लखलाभ. काय करू? — ठाण्याची गोंधळलेली सून

उत्तर:

अगं सूनबाई, गोंधळलेली बिंधळलेली काही नाहीस तू, पत्रात सगळं नीट लिहिलंयस, फक्त सासूबाईंचं वाक्य शेवटी टाकलंस, ते पहिलं हवं होतं. कारण घरात ज्या खुर्चीतून एका माणसाला उठताच येत नाही ती खुर्ची कितीही जुनी असली तरी तिच्यावर महिन्याभरात धुतलेल्या कपड्यांचा ढीगच बसणार आहे, हे मी लिहून देते. म्हणून आधी टेप घे. सासूबाईंना आत्ता घरातल्या ज्या खुर्चीतून, किंवा पलंगाच्या कडेवरून, त्यातल्या त्यात बरं उठता येतं तिची जमिनीपासूनची उंची मोज. बहुतेक सतरा-अठरा इंच निघेल, त्या उंच असतील तर अजून एखादा इंच जास्त. मग त्या बसलेल्या असताना पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत माप घे आणि त्यातून दोनेक इंच कमी कर, एवढीच सीट खोल हवी. त्याहून खोल असली की माणूस पाठ टेकायला मागे सरकतो आणि मग पाय अधांतरी. आणि हात हवेत, सरळ, पुढपर्यंत आलेले, ज्यांच्यावर तळवे दाबून उठता येईल असे. हे आकडे फोनमध्ये सेव्ह कर आणि कुठल्याही दुकानात शिरलं की आधी हेच बघ, नक्षी नंतर.

आता त्या चोर बाजारच्या दोन महाराण्या. न बघता कुणाला खोटं म्हणणार नाही, पण तू जे लिहिलंयस त्यातच दोन गोष्टी एकमेकींशी भांडतायत. मुंबईत एकोणिसाव्या शतकात जे काळं, दाट नक्षीचं फर्निचर बनायचं, ज्याला आज बॉम्बे ब्लॅकवूड म्हणतात, ते शिसवीचं असायचं, म्हणजे रोझवूड. पारशी घरांतून, श्रीमंत हिंदू घरांतून आणि साहेब लोकांच्या बंगल्यांतून ते असायचं, बोटीने बाहेरही जायचं. आणि टीक म्हणजे आपला साग, तो काळा नसतो गं, सोनेरी-तपकिरी असतो, जुना झाला की गडद होतो पण काळा ठिक्कर नाही होत. म्हणजे लाकूड एकतर शिसवी आहे आणि दुकानदाराला ते माहीत नाही (चोर बाजारातल्या दुकानदाराला माहीत नाही, हसू येतंय मला), नाहीतर साग आहे आणि वरून काळं पॉलिश मारलंय, नाहीतर दोन्ही नाही, आंब्याचं किंवा नुसतं ज्याला सुतार जंगलवूड म्हणतात तसलं काहीतरी आहे. हे कळायला एक्स्पर्ट लागत नाही, खुर्ची उलटी करायला लागते. सीटच्या खाली, मागच्या पायांच्या आतल्या बाजूला पॉलिशवाल्याचा हात नीट पोचत नाही, तिथे खरा रंग दिसतो. शिसवीत जांभळट-तपकिरी आणि काळ्या रेघा असतात आणि वजन असं की एका हाताने खुर्ची उचलताना दम लागतो. जो दुकानदार खुर्ची उलटी करू देत नाही त्याच्याकडे चहा पी आणि निघ.

आणि उलटी केलीच आहेस तर मखमलीच्या खालचं कापड थोडं वर करून बघू दे म्हणावं. दीडशे वर्षांपूर्वी फोम नव्हता. स्प्रिंगा असतील, काथ्या असेल, घोड्याचे केस असतील, तागाच्या पट्ट्या असतील. आता इतक्या वर्षांत गादी बदलली नसेल असं कसं होईल, बदललीच असणार, त्यामुळे फोम निघाला म्हणून खुर्ची नकली ठरत नाही. पण मग लाकडाच्या कडेला जुन्या खिळ्यांच्या भोकांच्या ओळीवर ओळी दिसायला हव्यात, प्रत्येक सोफावाल्याने आपले खिळे मारलेले. एकच ओळ, तीही चकचकीत स्टेपलच्या पिनांची, आणि आतलं लाकूड ताज्या पोळीसारखं फिकट, तर ती खुर्ची बहुतेक तुझ्या लग्नानंतरची आहे. स्क्रू पण बघ. अधिक चिन्हासारख्या खाचेचे स्क्रू जगात आलेच 1930च्या दशकात, त्यामुळे ते दिसले तर एकतर नंतर रिपेअर झालंय किंवा खुर्चीच नंतरची. उलट एका खाचेचा स्क्रू दिसला म्हणून लगेच हुरळू नकोस, आपल्याकडे ते अगदी परवा परवापर्यंत सर्रास वापरायचे.

झीज कुठे झालीय ते बघणं मला सगळ्यात खात्रीचं वाटतं. माणसं जिथे खरंच हात ठेवतात, हाताच्या टोकाला, पाठीच्या वरच्या पट्टीवर, पुढच्या आडव्या दांडीवर जिथे पायाच्या टाचा लागतात, तिथेच लाकूड गुळगुळीत आणि जरा खोलगट झालेलं असतं. सगळीकडे सारखीच घासलेली खुर्ची माणसाने नाही घासलेली, पॉलिशपेपरने घासलीय. आणि हो, राणी व्हिक्टोरिया गेली 1901 साली. म्हणजे खरी व्हिक्टोरियन असेल तर सव्वाशे वर्षांच्या आतली असूच शकत नाही. बाजारात मात्र वाकडे पाय आणि नक्षी दिसली की सगळंच व्हिक्टोरियन, आणि सगळंच बर्मा टीक. बर्मा टीक म्हणून पैसे मागणाऱ्याला एकच विचारायचं, बिलावर लिहून देणार का? लाकडाचं नाव आणि अंदाजे काळ बिलावर लिहून द्यायची तयारी असेल तर पुढे बोलू. माझं स्पष्ट मत असं की तुमच्या साडेदहा फुटी हॉलमध्ये मखमलीच्या दोन भारदस्त आर्मचेअर म्हणजे बाकी कुणी तिरकं चालायचं. शिवाय मखमल, ठाण्याचा पावसाळा आणि दमट हवा, जुलैत वास मारायला लागेल. नको घेऊस. नवऱ्याला वाईट वाटेल, वाटू दे, त्याच्यासाठी खाली सोय केलीय.

आता आजोबांची आरामखुर्ची, कारण पत्रातली खरी मौल्यवान वस्तू ती आहे आणि तुम्ही तिला पडून आहे म्हणताय! लांब हातांची म्हणजे जिचे हात पुढे लांबलचक येतात किंवा खालची फळी फिरून बाहेर येते आणि माणूस पाय वर टाकून पडतो, तीच ना? इंग्रज मळेवाल्यांमुळे तिला प्लँटर्स चेअर म्हणतात, डाक बंगल्यांत, रेस्ट हाउसात असायच्या, आणि आपल्याकडे कोकणात कुणाच्या पडवीत नव्हती ते सांग. दुपारचं जेवण, पेपर तोंडावर, आणि त्या घरात पोरांनी आवाज करायची बंदी. तिच्याबद्दल एक प्रामाणिकपणे सांगायला हवं, ती बसायची खुर्ची नाहीच, ती पडायची खुर्ची आहे. सीट मागे उतरती, बूड खाली, गुडघे वर, सासूबाईंना त्यातून उठवायला दोन माणसं लागतील. आणि हात उघडले की पाचेक फूट लांबी खाते, त्यामुळे हॉलच्या मधोमध नाही, बाल्कनी किंवा बेडरूमची खिडकी. ही नवऱ्याची खुर्ची. त्याची हौस इथे भागव.

भोकांचं काय ते नीट बघायला पाहिजे, इथे घाई नको. भोकं टाचणीच्या डोक्याएवढी गोल असतील आणि खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर लाकूड पोखरणारा किडा आहे, वाळवी नाही. वाळवी असती तर मातीच्या रेघा दिसल्या असत्या आणि ठोकल्यावर आतून पोकळ आवाज आला असता. जुन्या सागाचा गाभा किडा सहसा खात नाही, बाहेरचं फिकट लाकूड खातो, त्यामुळे बरेचदा नुकसान दिसतं त्यापेक्षा कमी असतं. टेस्ट सोपी आहे, गावातच खुर्ची पांढऱ्या कागदावर ठेवा, पाय हाताने ठोका, सगळं झटकून टाका, मग आठवडाभराने परत बघा. नवा भुसा पडला तर किडा जिवंत आहे. मग ती ठाण्याला आणून तुमच्या नव्या वॉर्डरोबच्या शेजारी ठेवायची नाही, आधी पेस्ट कंट्रोलवाल्याकडून भोकांत सुईने औषध, सगळ्या बाजूंनी औषधाचा हात, आणि नंतरही थोडे दिवस बाल्कनीत पांढऱ्या कागदावरच. पाय टोचून बघा, स्क्रूड्रायव्हर आत गेला तर तेवढा भाग कापून नवीन सागाचा तुकडा जोडता येतो, चांगला सुतार असेल तर जोड पटकन दिसणार पण नाही. अख्खा पाय बदलू नका आणि लोखंडी पट्टी ठोकून तर अजिबात नको.

वेताचं मात्र मनापासून सांगते, कारण इथे लोक फसतात. खुर्चीच्या चौकटीला कडेने एकेक भोक पाडलेलं असेल तर ती हाताने विणायची खुर्ची आहे. उभे, आडवे, मग दोन्हीकडून तिरके असे वेताचे पदर घेत विणतात आणि ती जी अष्टकोनी भोकांची जाळी दिसते ती तशी तयार होते. हल्ली मीटरवर मिळणारी तयार जाळी असते, ती चौकटीच्या खाचेत दाबून वरून वेताची कड बसवतात, ते वेगळं काम, त्याला भोकं लागत नाहीत. कुणी म्हणेल की कशाला विणत बसता, भोकं बुजवून जाळी ठोकून देतो, त्याला नाही म्हण. आणि प्लास्टिकच्या वायरलाही नाही, टिकते बरीच पण उन्हाळ्यात पाठीला चिकटते आणि आजोबांच्या खुर्चीला ती शोभत नाही, हे माझं वैयक्तिक मत, ज्यांना चालतं त्यांनी वापरावं. विणणारे कारागीर आता कमी राहिलेत तरी आहेत. आपल्याकडे कचेऱ्यांतल्या, रेल्वेच्या खुर्च्या विणायचं काम वर्षानुवर्षं अंध कारागीर करत आलेत, अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडे चौकशी केलीस तर बहुतेक कुणीतरी सापडेल, आणि त्यांची वीण बघशील तर डोळस माणसाने लाजावं. विणून झाल्यावर त्यावर उभं राहून पंखा पुसायचा नाही, गुडघा टेकायचा नाही, उन्हात आणि एसीच्या थेट झोतात ठेवायची नाही, वेत कोरडा पडून तुटतो. थोडी सैल पडली तर खालच्या बाजूने ओल्या फडक्याने भिजव आणि रात्रभर कुणी बसू नका, वाळताना आपोआप ताणली जाते.

पॉलिशबद्दल एकच हट्ट धर. गावातला किंवा ठाण्यातला कुणीही पॉलिशवाला म्हणेल की मशीन मारून सगळं काढतो आणि पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेनचं पॉलिश, मारून नवीन करून देतो. नवीन करायचीय का तुम्हाला? मग नवीनच घ्या की. जुन्या खुर्च्यांवर बहुतेक लाखेचं पॉलिश असतं, चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने लावलेलं. सीटच्या खाली कुठेतरी स्पिरिटचा एक थेंब टाक, चिकट झालं तर लाखच. मग ते काढावं लागत नाही, आधी किंचित ओलसर फडक्याने मळ काढायचा, कोरडं करायचं, आणि त्यावरच लाखेचे पातळ हात द्यायचे, जुनं आणि नवीन एकमेकांत मिसळतं. हातांवर आजोबांच्या तळव्यांनी जी चकाकी आलीय ती मशीनने एका दुपारी जाते आणि परत यायला अजून एक आजोबा लागतात. खोबरेल तेल चोपडू नका प्लीज, धूळ चिकटते आणि नंतर खवट वास येतो.

चुलत दिराला प्रेमाने कळवा की कंटेनर वगैरे इतकं सोपं नाहीये. आपल्याकडे 1972चा पुरावशेषांचा कायदा आहे, शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू त्यात बसली की ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तेवढी जुनी नसेल तरी कस्टम्सने शंका घेतली की ती पुरावशेष नाही असं पुरातत्त्व खात्याचं सर्टिफिकेट दाखवावं लागतं. त्यात लाकूड शिसवी निघालं तर अजून वेगळं, रोझवूडच्या सगळ्या जाती 2017 पासून साइट्स नावाच्या, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, त्याची परवानगी वेगळी. आणि किडा लागलेलं लाकूड अमेरिकेच्या बंदरावर कुणी कौतुकाने उतरवून घेणार नाही. खुर्ची ठाण्यात राहू दे, तो दिवाळीला आला की त्यात तोच पडेल, दोन्ही पाय वर टाकून.

राहिल्या सासूबाई. त्यांच्यासाठी जुनं पण कामाचं हवं असेल तर जुनी कचेरीतली खुर्ची शोध. सागाची, सरळ सपाट लाकडी हात, सीट आणि पाठ वेताची, ना नक्षी ना मखमल. कोर्टात, मामलेदार कचेरीत, शाळेत हेडमास्तरांच्या टेबलामागे असायची ती. उंची बरोबर, हात बरोबर, पाठ ताठ, वारा खेळतो, हलकी पण आहे, आणि नक्षी नसल्यामुळे लोक तिला अँटिक म्हणत नाहीत म्हणून भाव आवाक्यात असतो. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, भंगारवाले, जुन्या सामानाची दुकानं, कुठेही नजर ठेव. चोर बाजारात पण मिळेल, मटन स्ट्रीटला शुक्रवारी नको जाऊस, दुकानं बंद असतात, त्या दिवशी रस्त्यावरचा जुमा बाजार भरतो तो वेगळा प्रकार. जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर गल्लीत पण चक्कर मार, पण तिथे जुन्या घरांच्या लाकडातून नवीन बनवलेलं बरंच असतं, ते वाईट नाही, फक्त जुन्याच्या भावात घेऊ नकोस. वेताच्या खुर्चीच्या भोकांत आणि सांध्यांत टॉर्च मारून ढेकूण बघ, ही गोष्ट लाजायची नाही, जुन्या कचेऱ्यांच्या खुर्च्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या राहिलेत. मग खुर्चीत पूर्ण वजन टाकून बस, डावीकडे-उजवीकडे झुक, मागे रेल. डुगडुगली तर सांधे सुटलेत, ते सरसाने परत बसवता येतात, पण पाय कुणी खालून कापले असतील तर ती उंची परत येत नाही, म्हणून टेप लावच. इन्स्टाग्रामवर चंदीगड चेअर म्हणून जी फिरते, चंदीगड बांधणाऱ्यांतला आर्किटेक्ट पिअर जानरे, त्याच्या काळची, उलट्या व्हीच्या पायांची, तिच्या नादी लागू नकोस. पूर्वी त्या भंगारात निघाल्या, मग परदेशात लिलावात लाखो रुपयांना गेल्या, 2011 मध्ये गृह मंत्रालयाने विक्रीवर बंदी घातली, आणि आता जिकडे तिकडे कॉप्या. कॉपी कॉपीच्या भावात घेतलीस तर माझी काही हरकत नाही.

डायनिंगला अजून खुर्च्या लागत असतील तर इराण्याकडची वाकवलेल्या लाकडाची खुर्ची बघ, बेंटवूड. व्हिएन्नाच्या मायकेल थोनेटने 1859 मध्ये काढलेलं चौदा नंबरचं मॉडेल, सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, बस्स. सुट्या केल्या की एक घनमीटर खोक्यात छत्तीस मावायच्या, म्हणून तर जगभर गेल्या. आपल्या इराणी हॉटेलांत पण त्याच घराण्यातल्या. सीटच्या कडेच्या खाली शिक्का किंवा कागदी लेबल राहिलंय का बघ, थोनेटच असेल असं नाही, 1869 मध्ये त्यांचा एकाधिकार संपल्यावर कोनसारख्या दुसऱ्या कंपन्यांनीही ढीगभर बनवल्या, त्याही उत्तम. लाकूड बीचचं असतं आणि ते आपल्याकडच्या किड्याला फार आवडतं, त्यामुळे पांढरा कागद इथेही. सासूबाईंना ह्या देऊ नकोस, हात नसतात.

एक गोष्ट तू लिहिली नाहीयेस, नवऱ्याने त्या दोन खुर्च्यांसाठी टोकन देऊन ठेवलंय का? दिलं असेल तर परत मागून भांडण काढू नका, मिळणार पण नाही बहुतेक. त्याच दुकानात जाऊन म्हणावं की त्या राहू देत, ह्या टोकनमध्ये कचेरीची एक साधी खुर्ची दाखवा, सासूबाईंना बरोबर घेऊन आलोय.